नेमबाजी क्लबचं सभासद होणं म्हणजे नेमकं काय?

ऑक्टोबर २०२२ मध्ये कैरोला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील १० मीटर एअर रायफलमध्ये जगज्जेता झाला. १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं ऑलिंपिक कांस्य मिळवलं. अशी बातमी आली की ठाण्या-नवी मुंबईतल्या घरांत तेच प्रश्न निघतात. शिकायचं तर जायचं कुठे? बंदूक आधी घ्यावी लागते का? लायसन्स लागतं का? पोलिसांत काही कळवावं लागतं का?

घोळ होतो तो चार वेगळ्या गोष्टी एकच समजल्यामुळे: रेंज, क्लब, असोसिएशन आणि लायसन्स.

कोण कशासाठी?

रेंज म्हणजे जागा. गोळी झाडायची रेषा, समोर टार्गेट, मागे गोळी अडवणारी भिंत किंवा पोलादी सापळा. क्लब म्हणजे ती जागा चालवणारी, कोच नेमणारी, शस्त्रं सांभाळणारी संस्था. सुरुवात इथून होते. क्लबची फी भरलीत म्हणजे देखरेखीखालचा सराव तुम्हाला मिळतो, स्पर्धेत उतरायचा हक्क आपोआप मिळत नाही.

त्यासाठी असोसिएशन. जिल्ह्याची संघटना, तिच्यावर महाराष्ट्र रायफल असोसिएशन, तिच्यावर १९५१ साली स्थापन झालेली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया. लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर हे या राष्ट्रीय संस्थेचेही पहिले अध्यक्ष होते, म्हणून राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीच्या पात्रता स्पर्धेला आजही 'मावळंकर' म्हणतात. राज्य स्पर्धा, मग मावळंकर, मग नॅशनल अशी साधारण चढण असते. पुढच्या पायरीवर जायला आधीच्या पायरीवर ठरावीक गुण लागतात.

तेव्हा पहिल्या भेटीतच विचारून घ्या: 'तुमच्याकडून राज्य असोसिएशनच्या स्पर्धेत नाव जातं का, आणि ते कोणत्या जिल्ह्यातून?' आपल्याकडे याला एक स्थानिक गुंता आहे. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात येतात, पनवेल मात्र रायगडात. पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचंच असलं तरी महसुली जिल्हा वेगळा आहे. घर खारघरला, शाळा नेरूळला आणि क्लब पनवेलला असेल तर शालेय स्पर्धेचा जिल्हा शाळेवरून ठरतो. कागदपत्रं भरण्याआधी हे जुळवून घ्या. शेवटच्या आठवड्यात ते निस्तरत नाही.

लायसन्स लागतं का?

एअर रायफल किंवा एअर पिस्तूल शिकणाऱ्याला लागत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटर व्यासापर्यंतच्या आणि २० जूलच्या आत ऊर्जा असलेल्या हवेच्या शस्त्राला परवान्यातून सूट आहे. जूल हे ऊर्जेचं एकक. सामन्याच्या एअर रायफलमधून साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० ते १७५ मीटर वेगानं निघतो. त्याची ऊर्जा ७ ते ८ जूलच्या आसपास भरते, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. .२२ रायफल, स्पोर्ट्स पिस्तूल, शॉटगन ही मात्र दारूगोळ्याची शस्त्रं. त्यांना १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो, ती पुढची गोष्ट.

परवाना नाही म्हणजे बंधन नाही, असं समजू नका. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतो, तो मागायलाच हवा. गच्चीवर, सोसायटीच्या आवारात, खाडीकाठी झाडायचं नाही. कुणाच्या जिवाला धोका होईल असं कृत्य भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली येतं आणि पक्षी-प्राण्यावर झाडलं तर १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. शस्त्र नेता-आणताना ते कुलूपबंद पेटीत, रिकामं केलेलं, सेफ्टी फ्लॅग लावलेलं असावं. सेफ्टी फ्लॅग म्हणजे नळीतून आरपार घातलेली भडक रंगाची दोरी; ती दिसली की शस्त्र भरलेलं नाही हे दुरूनही कळतं. सोबत खरेदीचं बिल आणि क्लबचं ओळखपत्र ठेवा. लोकलमध्ये किंवा रिक्षात पेटी उघडायची नाही, मित्राला दाखवायलाही नाही.

आणखी एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते. सण, निवडणुका, मोर्चे अशा काळात पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रं बाळगून फिरण्यावर बंदीचे आदेश काढतात. ठाण्याचा आणि नवी मुंबईचा आदेश वेगवेगळा असतो, त्यामुळे मुलुंडहून किंवा कळव्याहून वाशीला जाणाऱ्याला एकापेक्षा जास्त आयुक्तालयांचा विचार करावा लागतो. अशा दिवसांत शस्त्र क्लबच्या कपाटातच राहू द्या आणि तिथेच सराव करा.

दहा मीटर म्हणजे जवळच की!

असं वाटतं, टार्गेट बघेपर्यंत. एअर रायफलच्या कार्डावर 'दहा' म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, आणि बाहेरच्या सर्वांत मोठ्या वर्तुळाचा व्यास ४५.५ मिलिमीटर. पिस्तुलाचं 'दहा' ११.५ मिलिमीटरचं आणि सगळ्यात बाहेरचं वर्तुळ १५५.५ मिलिमीटरचं. छर्र्याची कड वर्तुळाला शिवली तरी तो गुण मिळतो. म्हणून रायफलमध्ये छर्र्याचं केंद्र मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत, तर पिस्तुलात आठ मिलिमीटरच्या आत आलं की दहा.

नवख्यानं आधी समजून घ्यावं ते पिस्तुलाचं गणित. हात हलतो, आणि तो हलणारच. पिस्तूल जसंच्या तसं, सरळ, पाच मिलिमीटर बाजूला सरकलं तर छर्राही पाचच मिलिमीटर सरकतो. म्हणजे तरीही दहा. पण पुढची साइट (साइट म्हणजे नेम धरायची खूण) मागच्या साइटच्या खाचेत फक्त एक मिलिमीटर तिरकी झाली तर? दोन्ही साइटमधलं अंतर साधारण ३५ सेंटिमीटर, टार्गेट १० मीटरवर. चूक अठ्ठावीस पटीनं वाढते आणि छर्रा मध्यापासून जवळपास २८ मिलिमीटर लांब, सातच्या वर्तुळात पडतो. दार बिजागरीजवळ बोटभर हललं तर पलीकडची कड हातभर हलते, तसंच.

म्हणून कोच सारखं सांगतात की नजर पुढच्या साइटवर ठेवा, टार्गेट धूसर दिसू द्या. नवखा नेमकं उलट करतो: टार्गेट स्वच्छ बघतो, साइट धूसर होते आणि तिरकी झाल्याचं कळतच नाही. हात थोडा डोलला तर डोलू द्यावा. साइट मात्र सरळ हवी.

रायफल की पिस्तूल?

दोन्ही एकेकदा हातात घेऊन बघा, मग ठरवा. एअर रायफल जास्तीत जास्त साडेपाच किलोची आणि ती उभ्यानं धरायची. भार स्नायूंनी नव्हे, हाडांच्या सांगाड्यानं पेलायचा असतो: डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं. जाड कापडाचं किंवा चामड्याचं जॅकेट, पँट, सपाट तळाचे बूट, हातमोजा असा पोशाख लागतो. पिस्तूल दीड किलोच्या आतलं, एका हातानं, कसलाही आधार न घेता. पोशाखाचा खर्च नाही, पण खांदा आणि मनगट तयार व्हायला वेळ लागतो. पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅम दाबाचा हवा, रायफलला ही अट नाही.

आधी प्रबळ डोळा तपासून घ्या. दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये छोटी फट ठेवा, दोन्ही डोळ्यांनी तिच्यातून समोरचं घड्याळ बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्यानं घड्याळ फटीतच राहतं तो प्रबळ. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा प्रबळ असेल तर रायफल डाव्या खांद्यावर धरून बघणं योग्य. हे सहा महिन्यांनी कळलं तर सगळं नव्यानं शिकावं लागतं.

आपल्याकडे शालेय स्पर्धेत तिसराही प्रकार असतो, ओपन साइट एअर रायफल. त्यात मागे भोकाची पीप साइट नसते, साधी खाच असते. महागडी रायफल नसतानाही मुलांना स्पर्धेची सवय लागते, म्हणून शाळकरी मुलांसाठी ही सुरुवात मला फार मोलाची वाटते.

पहिल्या भेटीत काय बघायचं

भिंतीवरची पदकं नंतर बघा. आधी दहा मिनिटं मागे शांत उभं राहून रेषेवर काय चाललंय ते पाहा.

कुणी टार्गेट बदलायला पुढे जाताना सगळ्यांनी शस्त्र रिकामं करून खाली ठेवलंय का? पुढे माणूस असताना शस्त्राला हात लागत नाही ना? आज्ञा एकाच माणसाच्या तोंडून येतात का? 'लोड', 'स्टार्ट', 'स्टॉप', 'अनलोड' हे शब्द ठरलेले आहेत, आणि 'स्टॉप' म्हटल्यावर अर्धवट दाबलेला ट्रिगरही सोडायचा असतो. पेटी कुठे उघडतात? ती रेषेवरच, नळी टार्गेटकडे करून उघडायला हवी. बाकावर बसून कुणी नळी इकडेतिकडे फिरवत असेल आणि कोच काही बोलत नसेल, तर तिथून निघा. फी कितीही कमी असो.

मग जागा बघा. टार्गेटचं केंद्र जमिनीपासून १.४० मीटरवर असतं. टार्गेटवर किमान १५०० लक्स उजेड हवा, आणि फोनमधल्या अॅपनंही त्याचा अंदाज येतो. टार्गेटमागचे छर्र्यांचे सापळे वेळेवर रिकामे होतात का तेही विचारा. छर्रा शिशाचा असतो. त्याची धूळ कोरड्या झाडूनं उडवायची नसते, ओल्या फडक्यानं पुसायची असते. रेषेवर खाणंपिणं नको आणि निघताना साबणानं हात धुवायचे. लहान मुलं असतील तिथे हा नियम सर्वांत कडक पाळला जायला हवा, कारण शिसं वाढत्या वयात जास्त घातक.

शेवटी अंतर. आठवड्यातून तीन दिवस जाणं जमलं तरच हात बसतो. पनवेलला ऑलिंपियन सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे, वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, दोन्ही नावाजलेल्या. पण घोडबंदर रोडवर राहणाऱ्या नववीच्या मुलीला संध्याकाळच्या गर्दीतून तिथे पोचायला जितका वेळ लागेल, तितक्यात घराजवळच्या साध्या चार लेनच्या (लेन म्हणजे एका नेमबाजाची जागा) रेंजवर तिचा सराव संपलेला असेल. पहिल्या वर्षी जवळची, शिस्तीची रेंज निवडा.

प्रवेश घेताना

आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि मुलांसाठी जन्मदाखला व पालकांची लेखी संमती हे लागतं. जन्मतारीख सगळीकडे एकच असू द्या, वयोगट तिच्यावर ठरतो. ज्युनिअर म्हणजे विसावं वर्ष पूर्ण होतं त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत. सुरुवातीला छोटा प्राथमिक वर्ग, मग मासिक किंवा वार्षिक सभासदत्व अशी पद्धत सगळ्यात बरी. आजीव सभासदत्वाचा आग्रह पहिल्याच दिवशी झाला तर थांबा.

फी विचारताना एकच आकडा घेऊ नका. प्रवेशशुल्क, लेनचं भाडं, शस्त्राचं भाडं, कोचिंग, छर्रे, टार्गेट हे सुटं सुटं विचारा. एका लेनवर किती जण, कोच एका वेळी किती जणांकडे बघतात, सुट्टी पडली तर तास भरून मिळतो का, हेही विचारा. छर्र्यांचा डबा साधारण ५०० चा येतो. आठवड्याला तीन दिवस, दर वेळी ६० म्हणजे १८०, तेव्हा तीन आठवड्यांच्या आत डबा संपतो. वर्षभराचा हिशेब इथूनच मांडा.

पहिले तीन महिने काय शिकवतात?

पहिल्या दिवशी नियम, शस्त्राचे भाग, उभं राहणं. त्यानंतर बरेच दिवस ड्राय, म्हणजे छर्रा न भरता ट्रिगर दाबण्याचा सराव. पालक इथे अस्वस्थ होतात: 'फी भरली आणि मुलगा भिंतीकडे बघत उभा राहतो.' पण ट्रिगर दाबताना साइट हलते का हे फक्त ड्रायमध्येच स्वच्छ दिसतं. झाडल्यावर धक्का आणि आवाज त्यावर पांघरूण घालतात.

मग कोऱ्या पांढऱ्या कार्डावर, वर्तुळांशिवाय. इथे ग्रूपिंग बघतात, म्हणजे पाच-दहा छर्रे एकमेकांच्या किती जवळ पडले. ते एका बाजूला एकत्र पडले तर उत्तमच, साइटचे क्लिक, म्हणजे ती सरकवणारे स्क्रू, फिरवून ते मध्यात आणता येतात. विखुरले असतील तर साइटला हात लावायचा नाही, दोष धरण्यात किंवा ट्रिगरमध्ये आहे. प्रत्येक छर्र्यानंतर क्लिक फिरवणं ही नवख्यांची सगळ्यात महागडी सवय. तासाभरात आपली साइट कुठे होती हेच कळेनासं होतं.

रायफलवाल्यांची नेहमीची चूक पायांची. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. साइट टार्गेटच्या बाजूला गेली असेल तर रायफल ओढून आणू नका, पाय सरकवा. ओढून आणलेली रायफल ट्रिगर सुटताक्षणी परत आपल्या जागी जाते. पिस्तूलवाल्यांची चूक थांबण्याची. हात स्थिरावल्यावर आठ-दहा सेकंदांत शॉट गेला नाही तर डोळा थकतो, हाताची थरथर वाढते. खाली घ्या, श्वास घ्या, परत उचला. खाली घेता येणं हे कौशल्य आहे आणि सामन्यात ६० शॉटसाठी ७५ मिनिटं मिळतात, तेवढा वेळ पुरतो.

शॉट सुटल्यावरही क्षणभर तसंच राहायचं, त्याला फॉलो थ्रू म्हणतात. गुण बघायला मान वळवण्याची घाई झाली की ती घाई ट्रिगरपर्यंत उतरते.

स्वतःचं शस्त्र कधी घ्यावं?

सहा महिने तरी नको, हे ठाम मत. तोवर रायफल की पिस्तूल, उजवा की डावा, ग्रिपचा आकार कोणता हे ठरलेलं नसतं. सामन्याच्या दर्जाची आयात केलेली शस्त्रं लाखांच्या घरात जातात. वाढत्या मुलाचं जॅकेट तर दोन वर्षांत आखूड होतं. पैसे आधी कोचिंगवर आणि छर्र्यांवर खर्च करा, कोचच्या सल्ल्यानं मापाचा हातमोजा किंवा ब्लाइंडर (नेम न धरणाऱ्या डोळ्यापुढची पट्टी) घ्या, शस्त्र क्लबचं वापरा.

जुनं घेत असाल तर हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी वाचा. त्यात २०० बार दाब भरतात. बनवणाऱ्या कंपन्या वापराची मुदत ठरवून देतात, बहुतेकदा दहा वर्षं. मुदत संपलेला सिलिंडर भरायचा नाही. तो स्वस्तातल्या व्यवहारातला सगळ्यात धोक्याचा भाग असतो.

आणि आपला पावसाळा! खाडीच्या हवेत जूनपासून नळीला आतून गंज धरू शकतो, चामड्याच्या जॅकेटला बुरशी येते, कागदी टार्गेट दमट होऊन छर्र्याची भोकं फाटकी पडतात. सरावानंतर नळीतून फेल्टचे गोळे झाडा किंवा ओढा, बाहेरून तेलाचा हलका हात फिरवा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळोवेळी बदला. घामानं ओलं झालेलं जॅकेट घरी आल्यावर पंख्याखाली टांगा, पिशवीत कोंबून ठेवू नका.

'पण मुलाच्या हातात बंदूक?'

हा प्रश्न रास्त आहे आणि तो हसण्यावारी नेणाऱ्या क्लबपासून लांब राहावं. रेंजवर मूल पहिल्या दिवसापासून शिकतं ते हे: शस्त्र भरलेलंच आहे असं समजायचं, नळी कुणाकडेही वळवायची नाही, शॉट घ्यायचा असेल तेव्हाच बोट ट्रिगरवर. नियम मोडला तर त्या दिवशी रेषेवरून बाहेर. हे पालकांसमोर घडलं तरी वाईट वाटून घेऊ नका. कोचनं केलं ते बरोबर आहे. रागीट मूल नेमबाजीत शांत होईल अशी हमी मात्र कुणी देऊ नये. राग आवरत नसेल तर आधी तो प्रश्न सोडवा, मग रेंज. आणि घरी शस्त्र असेल तर कुलूप मोठ्यांच्या ताब्यात, छर्रे वेगळ्या कपाटात.

'चष्मा आहे', 'वय झालं'

दोन्हींमुळे अडत नाही. नेमबाजीत बघायची असते ती हातभर अंतरावरची पुढची साइट. चाळिशीनंतर पिस्तूल धरणाऱ्यांना दूरच्या नंबरात साधारण +०.५० ते +०.७५ मिळवून एकाच नंबरची काच करून घेतली की साइट स्वच्छ दिसते. डोळ्यांच्या डॉक्टरांना साइटचं अंतर मोजून सांगा. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यानं सराव करू नका, मान जराशी हलली की नंबर बदलतो. पाठीचा किंवा मणक्याचा त्रास असेल तर रायफलपेक्षा पिस्तूल बरं, कारण रायफल धरताना कंबर मागे वाकलेली राहते.

'दहावी-बारावीचे गुण मिळतात ना?'

वाढीव क्रीडा गुण आहेत आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षणही आहे. पण दोन्हींसाठी स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची किंवा क्रीडा खात्याची असावी लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. 'नॅशनल' हा शब्द छापलेली प्रत्येक ट्रॉफी तिथे चालत नाही. प्रवेशशुल्क भरण्याआधी आयोजक कोण ते वाचा आणि शंका असेल तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा.

सभासद झाल्यावर

क्लबच्या शस्त्राची नोंदवही असते. घेताना आणि परत देताना सही करा, छर्रा अडकला किंवा साइट सैल वाटली तर लिहून ठेवा. लपवलं तर पुढच्या मुलाचा सगळा सराव वाया जातो. नवीन माणूस आला की जुन्यांनी त्याला पहिल्या तासाचे नियम सांगायचे असतात, कोच मोकळे होईपर्यंत थांबायचं नसतं. क्लबच्या स्पर्धेच्या दिवशी टार्गेट लावणं, गुण तपासणं, रेंज ऑफिसरला हाताखाली मदत करणं ही कामं आपणहून मागून घ्या. गुण तपासताना गेजनं वादग्रस्त छर्रा कसा मोजतात, शस्त्रतपासणीत ट्रिगरला वजन कसं टांगतात, आक्षेप किती वेळात नोंदवायचा, हे सगळं तिथे हातानं शिकायला मिळतं. ज्यांना स्पर्धक म्हणून पुढे जायचं नाही पण खेळात राहायचं आहे, त्या पालकांसाठीही ही वाट उघडी आहे. रेंज ऑफिसर आणि जज यांचे अभ्यासवर्ग असोसिएशन घेते, क्लबच्या सचिवांकडे त्यासाठी नाव देऊन ठेवा.